दोघांचं आजारपण कंपनीचं

सिल्वासाच्या धाग्याच्या कारखान्यात मी कल्याण अधिकारी म्हणून रुजू झाले, त्या दिवशी गेटवरच्या वॉचमनने आत फोन केला, "कल्याणच्या बाई आल्यात." मी मूळची डहाणूची. लग्न होऊन सिल्वासाला आले, कारण नवरा तिथल्या सरकारी शाळेत मराठी शिकवत होता. पण त्या वॉचमनने शेवटपर्यंत मला कल्याणचीच मानलं. दर उन्हाळ्यात विचारायचा, "ताई, गावी पाणी आहे का यंदा?" आणि मीही "आहे" म्हणायचे.

कल्याण अधिकारी म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. ठरावीक संख्येच्या वर कामगार असले की कारखान्याला कायद्याने असा एक माणूस ठेवावाच लागतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की जे काम दुसऱ्या कुठल्याच खात्यात बसत नाही, ते माझं. कॅन्टीनची डाळ पातळ झाली, पाळणाघरात मूल पडलं, दोन सख्खे भाऊ एकाच मशीनवर काम करतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत, गलोंड्याच्या एका कामगाराची बायको गेटवर ठाण मांडून बसलीय आणि पगार नवऱ्याच्या हातात देऊ नका म्हणतेय. सगळ्यांची बोटं माझ्या टेबलाकडे. एकदा एका ऑपरेटरने मला मुलगी बघायला नंदुरबारकडच्या गावी नेलं, कारण त्याच्या घरचं वडीलधारं कुणी उरलं नव्हतं. मुलीच्या बापाला त्याने माझी ओळख करून दिली, "ह्या आमच्या कंपनी." मला हसू आवरेना. कामगाराला कंपनी म्हटली की डोळ्यांपुढे कुणीतरी माणूसच लागतो, हे मला फार पुढे समजलं, आणि ते समजलं तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं.

हे सगळं ऐंशीच्या दशकातलं. तेव्हाचं सिल्वासा आजच्या लोकांना सांगून पटत नाही. गावातल्या आमली भागात आता दुकानांना दुकानं खेटलेली आहेत. तेव्हा आमलीच्या पुढे शेतं लागत आणि मध्येच एखाद्या कारखान्याची पत्र्याची शेड. सरकारने करात सूट दिली म्हणून कारखाने आले, पण मशीन चालवणारी माणसं सवलतीबरोबर येत नाहीत. स्थानिक वारली, धोडिया आदिवासी मुलं हुशार होती, पण त्यांना शिकवायला कुणीतरी जाणतं हवं. आणि जाणत्या माणसांना सिल्वासा हे नाव ऐकूनच थंडी वाजायची. तिथे मलेरिया आहे, वीज जाते, धड डॉक्टर नाही, असं मुंबईपर्यंत पसरलेलं.

आमच्या कारखान्याचे पहिले मॅनेजर भरूचासाहेब. पारशी, उंच, कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. माणसं आणायला ते स्वतः जायचे. मुंबईत गिरण्या थंडावल्या होत्या, खानदेशातही काही सूतगिरण्या डळमळत होत्या. भरूचासाहेब चाळीत जाऊन, खाटेवर बसून, चहा पिऊन बोलणी करत. ही माणसं चाळिशी ओलांडलेली. पगाराचं जमायचं, राहायच्या खोलीचं जमायचं. मग शेवटी घरातून, बहुतेक दाराआडून, एकच प्रश्न यायचा: तिकडे जंगलात आजारी पडलो तर?

त्यावर भरूचासाहेबांचं उत्तर ठरलेलं होतं. ते मी पुढे पन्नास तोंडांतून ऐकलं आणि प्रत्येकाने ते साहेबांच्याच मराठीत ऐकवलं: "आजारपण कंपनीचा. तुझा पण, तुझ्या बायकोचा पण, दोघांचा. नोकरीत असताना आणि रिटायर झाल्यावर पण. मरेपर्यंत."

आणि तसं होतंही. कारखान्याच्या आवारात कंपनीचा दवाखाना होता. आठवड्यातून तीनदा वापीहून डॉक्टर येत आणि रोज सकाळ-संध्याकाळ रमणभाई कंपाउंडर असत. तिथे गोळ्या, मलमपट्टी, इंजेक्शनं सगळं मिळायचं. मोठं काही निघालं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपनी वापीच्या किंवा मुंबईच्या इस्पितळाचं बघायची. निवृत्त झालेला माणूस गेटवर आला की वॉचमन सलाम करून आत सोडायचा. दवाखान्यात औषध, नंतर कॅन्टीनचा चहा, दोन घटका गप्पा. काही जणांचा रक्तदाब त्या गप्पांनीच उतरत असावा असं रमणभाई म्हणायचे.

त्यांच्यात दोघांशी माझा विशेष संबंध आला. एक परब. मालवणकडचे, मुंबईच्या गिरणीत घडलेले, आमच्याकडे कातण विभागाचे सुपरवायझर होते. बोलणं तिखट, आणि कुठल्याही कागदावर पहिला संशय. दुसरे तुकाराम महाजन. अमळनेरकडचे, बॉयलरवर होते. महाजन पाच वाक्यं बोलले तर दिवसभराचं झालं. त्यांची बायको कमलबाई त्यांच्या वाटचंही बोलायची. तिला मधुमेह होता, सुईवरचा. रोज सकाळी महाजन तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून आमलीहून दवाखान्यात आणत. तिची इन्सुलिनची बाटली दवाखान्याच्या फ्रीजमध्ये असे. रमणभाई सुई टोचत, ती त्यांना "भाऊ, आज दुखलं" किंवा "आज हात हलका होता" असा निकाल देई, आणि दोघं परत जात. महाजन निवृत्त झाल्यावरही हा नेम तसाच चालू राहिला.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कंपनी दुसऱ्या मालकांकडे गेली. भरूचासाहेब त्याआधीच निवृत्त होऊन उदवाड्याला राहायला गेले होते. नवे जनरल मॅनेजर सक्सेनासाहेब. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तसं वाटेल. ते वेळेवर येत, कुणाला टाकून बोलत नसत, आणि प्रत्येक गोष्टीला कुठला नियम लागतो ते आधी बघत. त्यांनी वर्षभरात मुख्य कचेरीचं एक परिपत्रक माझ्या हाती ठेवलं आणि निवृत्तांना बोलावून समजावून सांगायला सांगितलं.

कॅन्टीनमध्ये सभा भरली. मी मराठीत आणि हिंदीत सांगितलं, रमणभाईंनी गुजरातीत. दवाखाना यापुढे फक्त कामावर असलेल्यांसाठी. निवृत्त कामगार आणि त्यांच्या बायकांना त्याऐवजी आरोग्य विमा. हप्ता कंपनी भरणार. इस्पितळात दाखल व्हावं लागलं तर ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च विमा कंपनी देणार. प्रत्येकाला फोटोचं कार्ड.

खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी बरेच जण खूश झाले. रक्कम ऐकायला मोठी होती. कार्ड प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं, चकचकीत. एकाने ते देवासमोर ठेवून मग खिशात घातलं. परबांनी मात्र त्याच्या मागच्या बाजूचा बारीक मजकूर मला वाचायला लावला. "बाई, पुढचो फोटो माझो आसा, तो माका ठावक आसा. मागे काय ल्हिवलंय?"

मागे नियम होते. मी एकेक सांगत गेले. किमान एक दिवस-रात्र दाखल असलं पाहिजे. बाहेरून घेतलेल्या गोळ्या-औषधांचे पैसे मिळणार नाहीत. इस्पितळ नोंदलेलं हवं आणि त्यात ठरावीक खाटा हव्यात. विमा सुरू होण्याआधीपासून असलेले आजार धरले जाणार नाहीत.

परबांनी कार्ड उलटंपालटं केलं. मग म्हणाले, "म्हणजे जुने आजार त्यांना नको. बाई, साठीनंतर मी नवे आजार आणू खंयसून?"

सगळे हसले, मीही हसले. महाजन मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी हात वर केला. सभेत मी त्यांना कधी हात वर करताना पाहिलं नव्हतं. "ताई, तिची बाटली फ्रीजमधे ऱ्हाते. ती?"

मी म्हटलं, बघते. सक्सेनासाहेबांना विचारलं. ते म्हणाले, एकाला सवलत दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल. त्या आठवड्याच्या शेवटी रमणभाईंनी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून महाजनांच्या हातात दिली आणि सुई कशी टोचायची ते कमलबाईच्या दंडावर दाखवलं.

विमा म्हणजे काय, हे मला पुढच्या काही महिन्यांत शिकावं लागलं. परब त्याचे पहिले विद्यार्थी. त्यांच्या पोटात कळ आली. डॉक्टर म्हणाले, पित्त आहे, गोळी घ्या. पण गोळीचे पैसे विम्यातून मिळत नाहीत. दाखल झालं तर मिळतात. म्हणून परब वापीच्या एका छोट्या खासगी इस्पितळात हौसेने एक दिवस-रात्र दाखल झाले. त्यांना सलाइन लागलं, तपासण्या झाल्या, शेजारच्या रोग्याच्या रेडिओने झोप झाली नाही. सगळे कागद घेऊन ते माझ्याकडे आले. मी ते भरून पाठवले. महिन्याने उत्तर आलं: इस्पितळात नियमाइतक्या खाटा नाहीत, दावा नामंजूर.

परब मला म्हणाले, "आता आजारी पडण्याआधी जाऊन खाटा मोजून येतंय." हे त्यांनी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं आणि सगळे हसले. पण त्यानंतर त्यांनी कार्ड कधी खिशात ठेवलं नाही.

गावी परतलेल्यांची आणखी पंचाईत होती. चोपड्याकडच्या एका गावी गेलेल्या जुन्या जॉबरचं, म्हणजे खात्यातल्या मुकादमाचं, हर्नियाचं ऑपरेशन तालुक्याच्या डॉक्टरने उत्तम केलं, पण त्या डॉक्टरचं इस्पितळ म्हणजे घराच्या वरच्या मजल्यावरच्या चार-सहा खोल्या. तेही नामंजूर. सिल्वासात राहिलेल्यांना सरकारी दवाखाना होता, तिथे बिलच होत नसे, त्यामुळे तिथे विम्याचा प्रश्नच येत नव्हता. आधीची व्यवस्था साधी होती, तिच्यात कार्ड नव्हतं, पण ती रोजच्या आजारपणाची होती. म्हातारपणाचे आजार बहुतेक रोजचे असतात. हे मी सक्सेनासाहेबांना दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा ऐकून घेतलं आणि मुख्य कचेरीला कळवतो म्हणाले. कळवलंही असेल.

दसऱ्याच्या आधी एक दिवस महाजन ऑफिसच्या दाराबाहेर येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. मी बाहेर गेले.

"ताई, तिच्या पायाला जखम होयेल आहे. भरत नही."

"कधीपासून?"

"चपलीचा खिळा लागला होता. झाले आता बरेच दिवस."

मी त्यांच्याबरोबर आमलीला गेले. एकच खोली, स्वच्छ. कोपऱ्यात वाळूत बसवलेला माठ आणि त्यात, पाण्यात तरंगणाऱ्या डब्यात, इन्सुलिनची बाटली. कमलबाई भिंतीला टेकून बसली होती. पाय फडक्यात बांधलेला. फडकं सोडलं तेव्हा वासानेच मला कळलं. पाऊल काळं पडत चाललं होतं.

आम्ही तिला वापीच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे खाटा भरपूर होत्या. खिडकीवर महाजनांनी कार्ड दिलं. तिथल्या माणसाने विमा कंपनीच्या शाखेत फोन लावला आणि थोड्या वेळाने मला शाखेत जायला सांगितलं. शाखा जवळच होती. तिथला अधिकारी तरुण होता, मराठी बोलणारा. त्याने कागद पाहिले.

मी म्हटलं, "जखम खिळ्याची आहे. नवी आहे."

"बाई, जखम नवी आहे. पण ती भरत का नाही? मधुमेहामुळे. आणि मधुमेह जुना आहे, तुमच्याच दवाखान्याच्या केसपेपरवर आहे." हे सांगताना तो टेबलावरचा टाचणीचा डबा सरळ करत होता. "मी मंजूर करून पाठवला तरी वरून परत येईल. तुमचा वेळ जाईल. तिला वेळ नाहीये."

मला त्याचा राग आला होता, तरी तो बोलला ते खरं होतं. मी परत येऊन महाजनांना सांगितलं आणि म्हटलं, आपण इथल्या मोठ्या डॉक्टरांशी बोलू, कंपनीला फोन लावू, मी भांडते. महाजनांनी मान हलवली. "नका भांडू ताई. तिला सिल्वासाच्या सरकारीत घेऊन जाऊ. तिथं घेतील."

तिथे घेतलं. त्यांनी केलं ते सगळं चांगलंच केलं. पण पाऊल वाचलं नाही. घोट्याच्या वर कापावं लागलं.

दोन-तीन दिवसांनी मी वॉर्डात गेले तेव्हा महाजन चहा आणायला गेले होते. कमलबाईने मला जवळ बोलावलं. तोंड सुकलं होतं, पण आवाज तिचाच होता.

"ताई, ह्यांना बोलू नका. मी सुई चुकवत होते."

"का पण?"

"ह्यांचा हात कापे. बॉयलरवर वाफेला भ्यायला नही हा माणूस, अन् माझ्या दंडाला सुई लावली की घामाघूम होई. डोळ्यात पाणी येई. मग मी म्हणायची, आज ऱ्हाऊ द्या, आज बरं वाटतंय. एक दिवस ऱ्हाऊ द्या, मग दोन दिवस." तिने पांघरूण पायावर ओढून घेतलं. "रमणभाऊंना सवय होती. त्यांचं काही वाटायचं नही."

मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला हे सांगितलं आणि मला रडू आलं. इतकी वर्षं मी ह्या खात्यात होते, माणसं दगावलेली पाहिली होती, हात मशीनमध्ये गेलेले पाहिले होते. पण तेव्हा निदान अपघात झाला असं म्हणता यायचं. इथे एका बाईचा पाय गेला होता, कारण दवाखान्याच्या फ्रीजमधली एक बाटली आणि रमणभाईंच्या दिवसातली दोन मिनिटं बंद झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी सक्सेनासाहेबांपुढे उभी राहिले. ह्या वेळी बसा म्हटलं तरी बसले नाही. सगळं सांगितलं. ते खरोखर हलले. चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, "राऊतजी, बहुत दुख हुआ मुझे. लेकिन आप कहती हैं वादा था. कहाँ लिखा है?"

मी म्हटलं, "लिहिलेलं नाही. भरूचासाहेबांनी तोंडी सांगितलं होतं."

"तो मैं मुंबई को क्या भेजूँ? किसी की बात?" त्यांनी हात पसरले. "जिसने कहा था, वो कहे तो कुछ सोचूँ."

ते कदाचित विषय संपवायला बोलले असतील. मी ते शब्दशः घेतलं. त्याच रविवारी मी, परब आणि महाजन उदवाड्याला गेलो.

भरूचासाहेबांचं घर समुद्राच्या बाजूला, मोठा ओटा, लाकडी कठडा. ते झोपाळ्यावर बसले होते. खूप उतरले होते. शर्ट तसाच अर्ध्या बाह्यांचा, पण दंड त्यात हरवले होते. मला पाहून हसले. परबांना नावाने ओळखलं. महाजनांकडे बघून म्हणाले, "तू बॉयलरवाला. अमळनेरचा. तुझ्या घरी मी शेवभाजी खाल्ली होती, आणि नंतर सगळा रस्ता पाणी प्यायलो."

महाजन पहिल्यांदा हसले. मग मी सगळं सांगितलं. पायापर्यंत आले तेव्हा साहेबांनी झोपाळा थांबवला.

 मग ते उठले, आत गेले आणि आमच्याकडे होतं तसंच एक कार्ड घेऊन आले. त्यावर त्यांचा फोटो. "मला पण पाठवला. मी वाचला नाही. माझी मुलगी बाहेरगावी, ती सगळा बघते. माझा हार्टचा ऑपरेशन कधीच झालेला आहे."

"म्हणजे साहेब, तुमचं हृदयही जुनं," परब म्हणाले.

साहेब हसले आणि लगेच गंभीर झाले. "महाजन, मी तुला बोलला होता. तुझ्या बायकोने आतून विचारला होता, मला आठवते. तू विचारशील, मी ते लिहून का नाही दिला?"

 परबांनीच विचारलं, "का नाही दिलंत?"

"कारण लिहिला असता तर मुंबईवाले नको बोलले असते. मला ठाऊक होता. मला माणसं पाहिजे होती, कारखाना चालू करायचा होता. मी म्हटला, मी आहे तोपर्यंत कोण बंद करते? आणि मी खोटा नाही बोललो, मी होतो तोपर्यंत कोणी बंद नाही केला." त्यांनी कार्ड कठड्यावर ठेवलं. "पण मी 'मी आहे तोपर्यंत' असा नाही बोलला. मी 'मरेपर्यंत' बोलला."

मला वाटलं होतं, महाजन आता काहीतरी बोलतील. त्यांना तो हक्क होता. ते फक्त म्हणाले, "साहेब, तुम्ही येसाल का सक्सेनासाहेबांकडे?"

भरूचासाहेब आले. त्या आठवड्यात, भाड्याची गाडी करून, डॉक्टरांनी प्रवास नको सांगितला असताना. त्यांनी सक्सेनासाहेबांच्या केबिनमध्ये माझ्यासमोर सांगितलं, की शब्द त्यांनी दिला होता, कंपनीचा अधिकारी म्हणून दिला होता, आणि ज्या माणसांच्या जिवावर कारखाना उभा राहिला ती माणसं त्या शब्दावर आली होती. आवाज कुठेही चढला नाही. सक्सेनासाहेबांनी त्यांना विचारलं, "सर, आप चाहते क्या हैं?" साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, इस्पितळाचं विम्याकडे राहू दे, ते बदलणं आपल्या हातात नाही. पण दवाखाना निवृत्तांना आणि त्यांच्या बायकांना पुन्हा उघडा. गोळ्या, मलमपट्टी, सुई.

सक्सेनासाहेबांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, ठीक आहे, एवढं माझ्या अधिकारात बसतं. उद्यापासून येऊ द्या. "लेकिन लिखकर नहीं दूँगा. ऊपर से सवाल आएँगे. मैं हूँ तब तक कोई नहीं रोकेगा."

त्यांना स्वतःला ते वाक्य कसं ऐकू आलं, कुणास ठाऊक. मी भरूचासाहेबांकडे बघितलं. ते खाली बघत होते. मी म्हटलं, "साहेब, मग नको. लिहून देणार असाल तरच उघडा. नाही तर मी त्या लोकांना पुन्हा बोलावणार नाही."

हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला माहीत नाही. माझी नोकरी होती, मुलगा कॉलेजात होता. भरूचासाहेबांनी मान वर केली आणि सक्सेनासाहेबांना एवढंच म्हणाले, "लिहा. मी नाही लिहिला, त्याचा काय झाला ते तुम्ही ऐकला."

लिहिलं गेलं. साधी सूचना, तीन भाषांत, कंपनीचा शिक्का आणि सही. रमणभाईंनी ती काचेत बसवून दवाखान्याच्या दारावर लावली.

त्यातून सगळं सुटलं असं नाही. विम्याचे नियम तेच राहिले. परबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे त्यातून झालं, आणि त्यांनी ते कबूलही केलं, पण कार्डाबद्दल त्यांचं मत बदललं नाही. एक-दोघांना मोठे आजार झाले, तेव्हा 'जुना आजार' हे उत्तर पुन्हा आलं, आणि मी पुन्हा त्या शाखेत गेले आणि बहुतेक वेळा हात हलवत परत आले. सक्सेनासाहेबांची वर्षा-दोन वर्षांत बदली झाली. कारखाना आणखी एकदा विकला गेला. नव्या माणसांनी दवाखान्याबद्दल विचारलं, तेव्हा मी त्यांना दारावरची सूचना दाखवली. त्यांनी ती वाचली, शिक्का पाहिला आणि पुढच्या विषयाला हात घातला. मी निवृत्त होईपर्यंत तो दवाखाना म्हाताऱ्यांना उघडा होता. माझ्या खात्यात मी केलेल्या कामांपैकी मला सांगावंसं वाटणारं हे एवढंच आहे, आणि तेही एक पाऊल उशिरा झालेलं. त्या उशिराचं मला अजून वाईट वाटतं.

दवाखाना पुन्हा उघडला त्या सकाळी भरूचासाहेब आले होते. मी त्यांना बोलावलं नव्हतं. ते खिडकीपाशी रांगेत उभे होते, हृदयाच्या गोळ्यांसाठी, आणि जुन्या कामगारांनी त्यांना पुढे जायला सांगितलं तर "नाही नाही" करत होते. थोड्या वेळाने महाजन आले. सायकल हातात धरून, चालत. कॅरिअरवर कमलबाई, पदर डोक्यावरून घेतलेला, एक पाय खाली सोडलेला, दुसऱ्याला पांढरी पट्टी. महाजनांनी आणि परबांनी तिला उतरवून बाकावर बसवलं. मी साहेबांना सांगितलं, ह्या कमलबाई.

साहेब रांग सोडून तिच्यासमोर येऊन उभे राहिले. इतकी वर्षं ती रोज दवाखान्यात येत होती, पण साहेब तेव्हा शेडमध्ये असत; त्यांनी तिचा फक्त आवाज ऐकला होता, दाराआडून. तिनेही पदर जरा मागे सारून त्यांच्याकडे नीट बघून घेतलं.

"तुम्हीच ते साहेब," ती म्हणाली. "तुम्ही ह्यांना सांगेल होतं, पण मी आयकेल होतं. हे तयार नव्हते. मीच म्हटलं, दोघांचं म्हणतात साहेब, मग चला."

भरूचासाहेबांनी हात जोडले.  "बाई, मी उशीर केला."

 तिच्या आवाजात राग नव्हता.

"हो," ती म्हणाली, "केला." आणि रमणभाई सुई घेऊन आले होते, त्यांच्याकडे वळून तिने दंड पुढे केला.